अपडेट एकदाच उतरवा

शिरूर-दौंडकडच्या पतसंस्थेच्या शाखेत किंवा दूध संकलन केंद्रात सर्व्हर असतो. तो सांभाळणारा माणूस मात्र बहुधा पुण्यात. लाइन संथ, डेटा महाग, म्हणून अपडेट लांबणीवर पडत राहतं आणि दोष लाइनला दिला जातो. माझ्या मते खरा दोष उतरवण्याच्या पद्धतीत आहे. सेकंदाला २ मेगाबिटच्या लाइनवर १ जीबी यायला साधारण सव्वा तास लागतो. दहा संगणकांनी तीच फाइल आपापली ओढली तर बारा तास जातात आणि काउंटरचं काम अडतं. तीच एकाने रात्री उतरवून बाकीच्यांना लॅनवरून दिली, तर लाइनवर भार सव्वा तासाचाच पडतो. विंडोजसाठी डब्ल्यूएसयूएस आणि डेबियन-उबुंटूसाठी ॲप्ट-कॅशर-एनजी नेमकं हेच काम करतात.

‘आमच्या तालुक्यातल्या यंत्रावर कोण कशाला हल्ला करेल?’ असं विचारलं जातं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून सुटला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्सचं काम ठप्प झालं. ते बंदर कुणाच्या निशाण्यावर नव्हतं. पसरण्यासाठी नॉटपेट्याने वापरलेल्या विंडोजमधल्या एका त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. त्याच्याकडे चोरलेल्या पासवर्डची वाटही होती, त्यामुळे नुसत्या अपडेटने सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण एक दार नक्की बंद झालं असतं.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे: अपडेटच यंत्र बंद पाडतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली आणि त्यातली कित्येक जागेवर जाऊन हाताने सुरू करावी लागली. दूरच्या शाखेसाठी ही भीती रास्तच आहे. म्हणून आधी पुण्यात, हाताशी असलेल्या यंत्रावर लावून पाहावं, मग एका शाखेत, मग सगळीकडे. लाइन फारच वाईट असेल तर पेन ड्राइव्हवरूनही पॅकेजेस नेता येतात. डेबियनमध्ये ॲप्टने बसवताना डिजिटल सही आणि हॅश तपासले जात असल्याने वाटेत झालेला फेरफार लपत नाही. ती तपासणी कधीही बंद करू नये. दुरून अपडेट चालवताना टीमक्स वापरावं, म्हणजे जोडणी तुटली तरी काम अर्धवट राहत नाही. फायरवॉल बदलण्याआधी दहा मिनिटांनी जुने नियम आपोआप परत येतील अशी वेळ लावून ठेवावी. सगळं नीट चाललं तर ती रद्द करावी. कर्नल बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करायचा तो शाखेत किल्ली असलेला माणूस हजर असतानाच.