वादळी समुद्राला काळा रंग नको

प्रश्न : तैलरंगात वादळी समुद्र आणि होड्या रंगवतोय. निळ्यात काळा मिसळला, पण लाटा चिखलासारख्या दिसतात. पावसाळ्यामुळे रंगही वाळत नाही. टर्पेंटाइन वाढवू का?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : वाढवू नका. तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. त्यांतलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते रेंगाळतं, इतकंच. चित्र बिघडलेलं नाही. टर्पेंटाइन फक्त खालच्या थरांत, तेल वरच्या थरांत. उलट केलंत तर पुढे तडे जातात. चित्र उजेडात, खेळत्या हवेत ठेवा. कपाटात तेल पिवळं पडतं.

चिखल होतोय तो काळ्यामुळे. करडा हवा तर अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळा. जमलं तर सावित्री समुद्राला मिळते त्या बाणकोटला पावसाळ्यात एकदा जाऊन या. तिथलं पाणी निळं नसतंच, गढूळ असतं. लाट फुटण्याआधी तिचा पातळ माथा उजेडात हिरवट दिसतो. तेवढा पकडलात की निम्मं काम झालं. फेसाचा पांढरा शेवटी, बेतानेच.

होड्यांचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. भर आषाढात शीड फुगवून निघालेली होडी मला तरी खोटी वाटते. खाडीत नांगरलेल्या, दोराला हिसके देणाऱ्या होड्या रंगवा.

एक सावधगिरी : तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.