ओट्यावर काय मांडायचं?

कोल्हापूर,
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

चि. बाळास,


नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराचे फोटो पाहिले. ट्रॉलीवाल्याने भिंतीत बसवायचा ६० सेंटिमीटर रुंदीचा ओव्हन दाखवलाय आणि तुझं मन त्यावर बसलंय. सूनबाई म्हणते, त्यापेक्षा ओट्यावरची लहान यंत्रं घेऊ. निकाल माझ्यावर सोपवलास, तर सांगते. सूनबाईचं ऐक. पण तिलाही एक अट घाल. यंत्र एकच घ्यायचं, फार तर दोन.

घरात मोठा ओव्हन नाही म्हणजे काहीतरी कमी आहे, हे आधी डोक्यातून काढ. आपल्या गावात मोठं काम घराबाहेर करून आणायची रीत जुनी आहे. दळण गिरणीत, वर्षाची चटणी डंकावर आणि दिवाळीची नानकटाई बेकरीच्या भट्टीत. मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बायका बेकरीत जायच्या आणि डबा भरून परत यायच्या. काही बेकऱ्यांत आजही तसं करून देतात. घरी कधीमधी केक व्हायचा तो पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून. पुढे झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, तोही काम झालं की माळ्यावर जायचा. तेव्हा लहान यंत्र घेणं म्हणजे मन मारणं नव्हे. रोजचं थोडं घरी आणि वर्षातून एकदाचं पुष्कळ बाहेर, ही वाटणी आपल्याकडे चालत आलेलीच आहे.

आता हिशेब कर. भिंतीतल्या ओव्हनची पोकळी ६०-७० लिटरची असते. पदार्थ आत जाण्याआधी ती सगळी पोकळी आणि तिच्या पत्र्याच्या भिंती तापवाव्या लागतात. २,४०० वॅटचा ओव्हन पंधरा मिनिटं नुसता तापवला, तर ०.६ युनिट तिथंच गेलं. १,२०० वॅटचा लहान ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा ओव्हन-टोस्टर-ग्रिल, दहा मिनिटांत तापतो, त्याला ०.२ युनिट लागतं. दोन माणसांची चार रताळी भाजायला मोठा ओव्हन लावणं म्हणजे दोघांच्या आमटीला लग्नाचं पातेलं चढवणं. शिवाय महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभर युनिटांच्या वर गेलास की पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं.

यंत्र निवडताना कंपनी शेवटी बघ. आधी पंधरा दिवस घरात काय शिजतं ते लिहून काढ. भात रोज, मटण रविवारी, भाजलेले दाणे आठवड्याला, केक वाढदिवसाला, असंच काहीतरी निघेल. जे जास्त वेळा निघेल त्याचं यंत्र घे.

भात-मटणाचं पारडं जड असेल, तर इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घे. विजेचा कुकर काही नवा नाही. आपोआप बंद होणारा विजेचा राइस कुकर तोशिबाने जपानमध्ये १९५५ साली बाजारात आणला. त्यामागची युक्ती साधी आहे. पाणी आहे तोवर भांड्याचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी तांदळात मुरलं की ते एकदम चढतं आणि बटण पडतं. आपल्याकडे कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी त्याही आधी, १९१० च्या सुमारास, कोळशावरचा इकमिक कुकर काढला होता. डबे लावायचे आणि आपल्या कामाला जायचं, ही सोय तेव्हापासूनची. तुम्ही दोघं संध्याकाळी सातला घरी येणार, तेव्हा तुम्हाला हीच सोय जास्त उपयोगी पडेल.

आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये सुरेख होतो. पाणी मात्र जपून घाल, कारण बंद भांड्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही. अळणी मटणही छान शिजतं. अशा कुकरचा दाब गॅसवरच्या शिट्टीच्या कुकरपेक्षा साधारण कमी असतो, म्हणून वेळ थोडा जास्त धर. पण तांबडा-पांढरा रस्सा त्यात उरकायला जाऊ नकोस. पांढऱ्याचं नारळाचं दूध दाबाखाली फाटतं, ते झाकण उघडल्यावर मंद आचेवर घालायचं. तांबड्याची चटणी तेलात परतून वर कट आला पाहिजे, आणि ते काम गॅसवरच्या पातेल्याचंच.

भाजण्याची हौस जास्त असेल, तर ओटीजी किंवा एअर फ्रायर, दोन्हींपैकी एक. फिलिप्सने २०१० मध्ये एअर फ्रायर बाजारात आणला, तेव्हा कमी तेलात तळण अशी जाहिरात झाली. प्रत्यक्षात ते तळण नव्हे. वर तापलेली तार, तिच्यामागे जोराचा पंखा आणि लहानशी टोपली, म्हणजे जोरदार वाऱ्याची छोटी भट्टीच. दाणे, सुकं खोबरं, रताळ्याच्या फोडी, उकडून कापलेली कोथिंबीर वडी यांना उत्तम. टोपली निम्म्याच्या वर भरू नकोस, नाहीतर वारा फिरत नाही आणि खालचं कच्चं राहतं. कांदाभजीचं पातळ पीठ टोपलीच्या भोकांतून गळतं. भजी खायची तर कढईतली खा, महिन्यातून एकदा खा आणि सुखाने खा.

ओटीजीत वारा मंद किंवा मुळीच नसतो. खाली-वर तापणाऱ्या कांड्या असतात, म्हणून केक, नानकटाई, पाव यांना तोच बरा. १६ ते २० लिटरचा दोघांना पुरतो. लहान पोकळीत वरची कांडी पदार्थाच्या फार जवळ येते. केक खालच्या खणात ठेव आणि वरून रंग लवकर आला तर फॉइल टाक. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत फरक असू शकतो, तेव्हा आत ठेवायचा लहान थर्मामीटर आण. नानकटाई १६०-१७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत होते. एका वेळी डझनभर बसतील. किलोभर मैद्याची करायची असेल तर सरळ बेकरी गाठ. रविवारच्या वाटणाचा कांदा-खोबरं ओटीजीत छान भाजतं. वर्षाच्या चटणीची मिरची मात्र फ्लॅटमध्ये भाजू नकोस, ठसक्याने वरचे-खालचे शेजारी गोळा होतील.

मायक्रोवेव्ह गरम करण्यापुरता ठीक. भाजल्याचा रंग आणि खमंगपणा साध्या मायक्रोवेव्हमधून येत नाही, तेवढ्यासाठी ओट्यावरची जागा अडवू नकोस. आणि यांपैकी कशातच भाकरी फुगत नाही. वांग्याला भरिताचा धुरकट वास येतो तो थेट जाळावर. गॅसची शेगडी ठेवायचीच.

शेगडी ठेवायचं दुसरंही कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला, तेव्हा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढून वाहतूक बंद पडली आणि शहराच्या कितीतरी भागांत वीज नव्हती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच कथा. वीज गेली तर गॅस हवा आणि सिलिंडरची गाडी अडकली तर वीज हवी. सगळा स्वयंपाक एकाच गोष्टीवर टांगू नकोस.

आता वायरमनकडून करून घ्यायच्या गोष्टी, आणि हे ट्रॉल्या बसायच्या आत. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच भार चालतो. ही यंत्रं त्याच्या आसपास किंवा वर जातात. म्हणून ओट्यावर १६ अँपिअरचे दोन पॉइंट घे, त्यांना वेगवेगळ्या एमसीबी आणि नीट अर्थिंग दे. शॉकपासून वाचवणारी आरसीसीबीही बसव. आपल्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि हात ओले असतात. एक्स्टेन्शन बोर्डावर ओटीजी कधीच लावू नकोस. त्याचं अंग बाहेरून चटका बसेल इतकं तापतं, मागे आणि बाजूंना वीतभर जागा सोड आणि वरच्या लाकडी कपाटाखाली तो कोंबू नकोस.

दुकानात जाशील तेव्हा घरचा केकचा डबा सोबत ने. तो ओटीजीत ठेवून दार बंद होतं का ते तिथंच बघ. लिटरचा आकडा वाचून ते कळत नाही. ट्रे, जाळी आणि टोपली सुटी मिळते का, दुरुस्तीची सोय गावात आहे का, हेही पैसे देण्याआधी विचार.

मोठा ओव्हन कायमचा बाद, असं मी म्हणत नाही. उद्या सूनबाईने केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि लहान ओव्हन दिवसाला चार-पाच वेळा लावावा लागू लागला, तर तेव्हा जरूर घे. त्यासाठी ट्रॉलीवाल्याला एक ६० सेंटिमीटरचा खण आणि त्यामागे १६ अँपिअरचा पॉइंट ठेवायला सांग. तोवर त्या खणात तांदळाचा डबा ठेव.

दसऱ्याला दोघं जेवायला या. तोवर पंधरा दिवसांची यादी पुरी होणार नाही, पण झाली असेल तेवढी घेऊन ये. काय घ्यायचं ते जेवणं झाल्यावर तिच्यावरून ठरवू.

तुझी,
आत्या