आधी गळती शोध, मग फरशी निवड

पोरी, आजोबांनी बांधलेला अलिबागच्या घरचा पूल आता तुझ्या हाती आलाय. टाइल्स सुटायला लागल्यात, पाणी दर आठवड्याला खाली जातंय, आणि जावईबापूंनी निळ्या रंगांचं शेडकार्डसुद्धा आणून ठेवलंय म्हणे. त्यांची हौस मोठी गोड आहे, ती मोडू नकोस. फक्त कार्ड महिनाभर कपाटात ठेव. जुन्या पुलाचं काम बिघडतं ते रंग चुकल्याने नाही, कामाचा क्रम चुकल्याने. पाणी कुठून जातंय हे कळलं की वर काय लावायचं हे अर्धंअधिक आपोआप ठरतं.

१. आधी बादलीची परीक्षा घे. पाण्याने भरलेली बादली पुलाच्या पायरीवर ठेव, आतलं नि बाहेरचं पाणी एका पातळीवर आण, दोन्हीकडे खूण कर आणि चोवीस तासांनी बघ — बादलीतलं पाणी फक्त उन्हावाऱ्याने आटतं. पुलाचं त्याहून जास्त उतरलं तर तेवढी गळती.

२. हीच परीक्षा एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून कर — चालू असताना जास्त उतरलं तर पुलात पाणी परत आणणाऱ्या पाइपावर संशय घ्यायचा. दोन्ही वेळा सारखंच उतरलं तर पुलाच्या भिंती, तळ आणि दिव्याची खोबण तपासायची.

३. एका सेंटिमीटरला हसू नकोस — तुझ्या आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद पुलात एक सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर. रोज एवढं गेलं तर महिन्याला जवळजवळ दहा हजार लिटरचा एक टँकर मातीत.

४. पंप बंद करून दोन-तीन दिवस पाणी उतरू दे आणि कुठे थांबतं ते बघ. स्किमरच्या तोंडाशी थांबलं की स्किमर तपास, दिव्याशी थांबलं की दिवा — पाणी घाई करत नाही, पण वाटही चुकत नाही.

५. संशयाच्या भेगेपाशी सिरिंजने खाण्याच्या रंगाचे दोन-चार थेंब सोड, पण पंप बंद आणि पाणी अगदी स्थिर असताना — गळती असेल तर रंगाची बारीक रेघ भेगेकडे सरकते आणि आत ओढली जाते. एकदा डोळ्यांनी बघितलंस की मग कुणी कितीही ठासून सांगो, तुझा गोंधळ होणार नाही.

आता रिकामा करण्याचं बघू. इथे मात्र मी तुला दटावणार आहे, कारण अख्ख्या कामात सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

६. पंप लावून पूल उपसण्याआधी परसातल्या विहिरीत डोकाव. विहिरीचं पाणी पुलाच्या तळाहून वर असेल तर थांब — जमिनीतलं पाणी खालून दाबत असतं, आणि रिकामं पातेलं पाण्यात दाबलं की उसळी मारतं तसा रिकामा पूल वर उचलला जातो. आख्खा पूल तिरका होतो, पाइप तुटतात, तळाला भेगा जातात. माझी म्हण लक्षात ठेव: विहीर भरलेली, तर पूल भरलेला.

७. म्हणून कोकणात हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. दिवाळीनंतर लगेच नाही — पाऊस गेला तरी जमिनीतलं पाणी पुढचे काही महिने वरच असतं. आणि मे अखेर गाठायची नाही, कारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात उभा असतो आणि गवंडी गावाला शेतीवर गेलेले असतात.

८. तळाच्या जाळीखाली दाब सोडणारी झडप आहे का ते विचार. जुनी असेल तर बदल, नसेल तर आत्ता बसवून घे — जमिनीतल्या पाण्याचा दाब वाढला की ती उघडते आणि पाणी आत घेते. तळ फुटण्यापेक्षा पुलात थोडं गढूळ पाणी आलेलं परवडतं.

९. उपसण्याआधी काही दिवस क्लोरीन घालणं बंद कर, ऊन लागू दे — उन्हाने क्लोरीन उडून जातो. मग ते पाणी थोडं थोडं नारळी-पोफळीला सोडता येतं. ओढ्यात किंवा शेजाऱ्यांच्या शेतात मात्र एक थेंब जाऊ द्यायचा नाही.

१०. रिकाम्या पुलाभोवती पहिल्या दिवसापासून बांबूंचं कुंपण — कोरड्यात पडलेलं पोर मोडतं. आणि तळाशी हातभर पाणी साठवून ठेवायचं नाही, डासांचं बाळंतपण होतं.

११. आतून वाळलं की हातोडीच्या लाकडी दांड्याने टाइलन् टाइल वाजव, आणि जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने खूण कर. जावईबापूंना खडू द्यावा, त्यांना आवडेल — थोड्याच जागा पोकळ निघाल्या तर तेवढीच दुरुस्ती पुरते. भिंतीच्या भिंती पोकळ असतील तर सगळं काढावं लागतं. पोकळ टाइलवर नवी टाइल बसवू देऊ नकोस.

१२. भेगांमध्ये फरक ओळखायला शीक. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा वरवरच्या असतात. तळातून भिंतीवर चढणारी, नख अडकेल अशी सलग भेग काँक्रीटची असू शकते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख लिही — रेघ पुढे सरकली तर आधी इंजिनिअर, मग गवंडी.

१३. काँक्रीटच्या भेगेवर सिमेंट फासून कुणी "झालं" म्हटलं तर मान डोलावू नकोस. थांबलेल्या कोरड्या भेगेत इपॉक्सी दाबाने भरतात, ती दोन्ही बाजू पुन्हा जोडते. पाणी झिरपत असलेल्या भेगेत पॉलियुरेथेन भरतात — पाणी लागलं की ते फुगतं आणि वाट बंद करतं.

१४. तांबूस डाग दिसला की छिन्नी चालव, घाबरू नकोस — आतली सळई गंजली आहे. समुद्राकाठी तर हे ठरलेलंच. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट उडवते. म्हणून सळई पूर्ण उघडी करून, गंज घासून, गंजरोधक लावून मगच पॉलिमरच्या मसाल्याने भरायचं. वरून नुसतं लिंपलं तर डाग पुन्हा येणारच.

१५. पाइपांची दाब-चाचणी आत्ताच, नवी फरशी लागायच्या आधी — नंतर कळलं तर नवीच फरशी फोडायची.

१६. तळाच्या निचऱ्याची जाळी बदल, आणि निचरा एकच असेल तर त्यापासून किमान तीन फुटांवर दुसरा करून घे. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या निचऱ्याला ओढली जाऊन बुडाली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये कायदा झाला आणि सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या — एक तोंड अंगाने झाकलं गेलं तरी दुसरं उघडं राहिलं की ओढ तुटते. बाकी कुठे पैसे वाचवायचे ते वाचव, इथे नाही. आपल्या घरात पोरं आहेत.

१७. पाण्याखालचा दिवा १२ व्होल्टचाच, आणि पुलाच्या सगळ्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी — ओल्या अंगाला विजेची चूक माफ नसते.

इतकं झालं की आतून काय लावायचं ते बोलू. तुझ्या पुलाची खोली सरासरी १.४ मीटर धरली तर तळ आणि भिंती मिळून जवळपास ७०० चौरस फूट होतात. प्रत्येक कोटेशनमधला आकडा याच्याशी ताडून बघ.

१८. रंग सगळ्यात स्वस्त. चांगला इपॉक्सी नीट लागला तर साधारण पाच-सात वर्षं टिकतो, क्लोरिनेटेड रबरचा त्याहून कमी. जुना रंग कोणत्या जातीचा आहे हे आधी शोध — एका जातीवर दुसरी बसत नाही, पापुद्रे सुटतात. पाया जरा ओला राहिला तरी फोड येतात. रंगाने भिंत हसते, भेग मिटत नाही.

१९. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा दिसायला सुरेख, सात-दहा वर्षं चालतो — पण पाण्याचं रसायन बिघडलं की खडबडीत होतो आणि पोरांचे तळवे सोलवटतात. रोज पाणी तपासणारं माणूस बंगल्यावर नसेल तर याच्या नादी लागू नकोस.

२०. पूल ठिकठिकाणी चिरलेला असेल आणि बजेट बेताचं असेल तर दीड मिलिमीटर जाडीच्या, आत जाळी असलेल्या पीव्हीसी लायनरचा विचार कर — पाणी ते स्वतः धरतं, जुन्या काँक्रीटवर विसंबत नाही. मात्र काम डागणी करणाऱ्याच्या हातावर आहे; त्याने केलेला जुना पूल बघून ये. खुर्ची-टेबल आत टाकून खेळणारे पाहुणे असतील तर त्यांना आधी आवर.

२१. टाइल सगळ्यात महाग आणि सगळ्यात टिकाऊ, वीस वर्षांच्या पुढे जाते. तुझ्या पुलाचं काँक्रीट धड निघालं तर मी टाइलच घेईन. आंघोळघराच्या भिंतीची टाइल नको, पाणी जवळजवळ न पिणारी पोर्सिलेन किंवा काचेचं मोझेक घे. मोझेकची जाळी कशाने चिकटवली आहे ते विचार — काही जाळ्यांचा गोंद पाण्याखाली विरघळतो आणि तुकडे गळू लागतात. एक तुकडा आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवलास तर उत्तर घरीच मिळेल.

२२. रंगछटा फिकी निवड, पायऱ्यांच्या कडा गडद आणि खरखरीत — फिक्या तळावर शेवाळ, पान, पडलेली वस्तू आणि बुडणारं पोर लगेच दिसतं.

२३. टाइल पाणी अडवत नाही, हे मनात पक्कं धर. अडवतं ते तिच्या खालचं वॉटरप्रूफिंग. टाइल पाहुण्यांसाठी, वॉटरप्रूफिंग घरच्यांसाठी. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि तळ-भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई — गळती कोपऱ्यातच आणि पाइप भिंतीतून निघतो तिथेच सुरू होते.

२४. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायचंच. वॉटरप्रूफिंगच्या पिशवीवर मात्र जे दिवस लिहिलेत तेच पाळायचे — प्रत्येक माल वेगळा वाळतो, आणि मुकादमाला पुढच्या साइटची घाई असते.

२५. टाइल लावायच्या आधी पूल भरून तीन दिवस ठेव आणि खूण कर. पहिल्या दिवशी सिमेंट थोडं पाणी पितं, म्हणून हिशोब दुसऱ्या दिवसापासून — सुमारे पंचेचाळीस हजार लिटर, म्हणजे साडेचार टँकर लागतील. जीवावर येईल, पण टाइल फोडण्यापेक्षा स्वस्त आहे.

२६. टाइल लागल्यावर ग्राउट इपॉक्सीचं, आणि टाइल चिकटवायचा माल सतत पाण्याखाली चालेल असं पिशवीवर स्पष्ट लिहिलेला. कडेचा दगड आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये रबरासारखा लवचीक सांधा ठेव, सिमेंट भरू देऊ नकोस — उन्हाने फरशी फुगते, कडेला ढकलते आणि पाण्याच्या रेषेवरच्या टाइल सुटतात. "वरच्याच टाइल का पडतात" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक हेच निघेल.

२७. कंत्राटदाराकडून तोडफोड, दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, टाइल आणि ग्राउट यांचे दर वेगवेगळे लिहून घे, आणि शेवटचा दहावा हिस्सा पाण्याच्या चाचणीनंतर दे — चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. दुपारी त्याच्या माणसांना चहा मात्र नेमाने पाठव.

२८. भरल्यावर पहिला महिना पाणी रोज तपास. पीएच ७.२ ते ७.६, क्षारता ८० ते १२० पीपीएम, कॅल्शियमचा कडकपणा २०० ते ४०० — पाण्याला चुना कमी पडला तर ते सिमेंटमधून ओढून घेतं. बोअरचं पाणी तांबूस असेल तर आधी लोह काढून घे, नाहीतर क्लोरीन पडताच नव्या टाइलवर डाग.

२९. कडेची पांढरी रेघ घालवायला तीव्र ॲसिड ओतू देऊ नकोस, मऊ ब्रश आणि सौम्य क्लीनर पुरतो — ॲसिड सिमेंटचे सांधे खातं. क्लोरीनची पावडर आणि गोळ्या एका डब्यात कधीच नाहीत. त्या एकत्र आल्या तर पेट घेतात, स्फोटही होतो.

३०. पावसाळ्यात पूल भरलेलाच ठेव, ओव्हरफ्लोची जाळी पानांपासून मोकळी ठेव, आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर पीएच बघ — पावसाचं पाणी क्षारता पातळ करतं. पंपघराच्या दारामागे वही टांगून तारखेसह आकडे लिहायला माळीदादांना शिकव. त्यांचं अक्षर सुरेख आहे आणि तुझ्यापेक्षा ते नियमित आहेत.