एका कागदावर दोघं

2019च्या पावसाळ्यात गोव्यातल्या कलाकारांच्या एका आंतरराष्ट्रीय रेसिडेन्सीत माझी जोडी हांगझोउहून आलेल्या चित्रकर्तीशी लागली. दोघंही लाकडी ठोकळ्यावरून छापणारे; पण तिचं काम पाण्याच्या रंगांचं आणि हातदाबाचं, माझं तेलाच्या शाईचं आणि प्रेसचं. पुढे कुणाच्या वाट्याला अशी जोडी आली तर हे उपयोगी पडावं.

1. संस्कृतीवरच्या गप्पा राहू द्या, आधी आपापलं सामान टेबलावर मांडा. तिच्याकडे आन्ह्वे प्रांतातला श्वान कागद होता, झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा. प्रेस नाहीच, कागदाच्या पाठीवरून घासायला माडाच्या जातीतल्या झाडाच्या तंतूंचं घोटणं. तासाभरात एकमेकांविषयी बरंच कळलं, आणि दुभाषा लागला नाही.

2. आधी कोण, नंतर कोण, हा मानाचा प्रश्न होऊ देऊ नका. ते साहित्यच ठरवतं. तेलाच्या शाईवर पाण्याचा रंग बसत नाही, म्हणून पहिला छाप तिचा. श्वान कागद ओला झाला की पसरतो, वाळला की आक्रसतो. त्यामुळे तिचा छाप पुरता वाळल्यावरच मापं घेऊन मी माझा ठोकळा कोरायला बसलो, नाहीतर रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक छाप नेमके बसणं, जुळलंच नसतं. गोव्याच्या पावसात कागद वाळवणं म्हणजे निव्वळ धीराचं काम. माझी नेहमीची घट्ट शाई त्या पातळ कागदाचे तंतू उपसून काढते, म्हणून ती सैल केली आणि प्रेस सोडून चमच्याच्या पाठीने घोटलं. म्हणजे बदलावं लागलं ते जास्त मलाच. माझ्या मते सहकार्याची खरी परीक्षा इथे असते. कागदाचा डावा अर्धा तुझा, उजवा माझा, असली वाटणी म्हणजे शेजार झाला.

3. दोघांचे पूर्वज शोधा. तिने चिनी लेखक लू शुन यांचं नाव काढलं. त्यांनी 1931 साली शांघायमध्ये तरुणांसाठी काष्ठछापाचा वर्ग भरवला, जपानी शिक्षकाचं बोलणं स्वतः भाषांतर करून सांगितलं, आणि 1936 मध्ये जर्मनीच्या केटे कोल्विट्झ यांच्या छापचित्रांचा संग्रह काढला. मी मुंबईत अंधेरीला राहून काम केलेल्या चित्रकार चित्तप्रसादांचे लिनोकट दाखवले. त्यानंतर विषय सुचण्याची अडचण राहिली नाही.

4. सही, क्रमांक, किंमत, विक्रीचा हक्क, शेवटी ठोकळे कुणाकडे, हे सगळं छपाईआधी लिहून काढा. तिचा लाल शिक्का हा तर रचनेचाच भाग असतो. त्याची जागा मोकळी ठेवायची हे आधी ठरलेलं बरं. मैत्री आहे म्हणून कागद टाळू नये.

5. ओपन स्टुडिओत लोक सीमेवरचे प्रश्न विचारतात, नाहीतर चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणिसांवर येतात. कोटणिसांबद्दल आदर आहेच, पण दर पाहुण्यासमोर पाहुणीला दोन देशांची वकिली करायला लावू नका. भिंतीवरच्या छापाकडे बोट दाखवा.

6. संपर्काची सोय तिथे असतानाच करा. चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही, गुगलच्या लिंका उघडत नाहीत. आणि जून 2020 मध्ये भारताने वीचॅटवर बंदी घातली. तिथल्या सेवेचा ईमेल पत्ता पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्या, आणि फोटो पाठवताना लिंक न देता थेट जोडून पाठवा.