मोटारसायकलचा चिमटा : ओळख, तपासणी आणि घरच्या घरी बदल

आपल्या बेळगाव भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. खेड्यातले दूध आणि भाजी तिच्यावरूनच शहरात येते, कामगार तिच्यावरून उद्यमबागेत जातो आणि विद्यार्थी कॉलेजात येतो. मालकाला इंजिनाचे ऑइल, प्लग आणि टायर यांची माहिती असते. परंतु मागचे चाक ज्याच्या आधारावर सरळ धावते, तो भाग सहसा कोणी वाकून पाहत नाही. त्या भागाची ओळख करून द्यावी आणि तो घरी कसा बदलता येतो हे क्रमवार सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चिमटा म्हणजे काय?

कंपनीच्या पुस्तिकेत या भागाला ‘स्विंग आर्म’ म्हणतात. गॅरेजात त्याला ‘चिमटा’ म्हणतात आणि हे नाव फार समर्पक आहे. चुलीजवळच्या चिमट्याप्रमाणेच याला दोन लांब बाहू असतात आणि त्यांच्या टोकांत मागचे चाक धरलेले असते. कन्नडमध्ये चिमट्याला ‘इक्कळ’ हा शब्द आहे. पण आमच्याकडच्या गॅरेजात कन्नड बोलणारा कारागीरही दुकानात ‘चिमटा’च मागतो.

चिमट्याच्या पुढच्या बाजूला एक आडवी नळी असते. तिच्यातून एक लांब बोल्ट जातो व तो चिमट्याला सांगाड्याशी जोडतो. या बोल्टभोवती चिमटा दाराच्या बिजागरीसारखा वर-खाली हलतो. नळीच्या दोन्ही तोंडांत बुश असतात. पुष्कळ गाड्यांत हे बुश रबराचे असतात : बाहेर लोखंडी कडे, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोहोंना घट्ट चिकटलेले रबर. मागच्या टोकांजवळ दोन शॉकअप बसतात.

फार जुन्या मोटारसायकलींना मागे अशी व्यवस्थाच नव्हती. चाक सरळ सांगाड्यालाच बांधलेले असे व खड्ड्याचा प्रत्येक धक्का स्वाराच्या पाठीत जाई. १९४० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात निघालेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटला मागे चिमटा व शॉकअप होते. पुढे १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि हीच बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. आज शंभर सीसीच्या साध्या गाडीलाही चिमटा असतोच.

चिमट्याकडे दोन कामे आहेत. चाकाला वर-खाली हलू देणे हे पहिले, आणि डावीकडे-उजवीकडे मुळीच हलू न देणे हे दुसरे. पहिले काम बिघडले तर बसणाऱ्याला लगेच कळते. दुसरे बिघडते ते हळूहळू, आणि म्हणून तेच अधिक धोक्याचे.

दुखणे कसे ओळखावे?

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. मागचे चाक जमिनीपासून सुटले पाहिजे. चिमट्याचे मागचे टोक हातात धरून डावी-उजवीकडे ढकलावे. चिमटा सांगाड्यापासून वेगळा हलत असेल, तर बुश झिजले आहेत. चिमटा स्थिर असून नुसते चाक हलत असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. या दोहोंत गल्लत झाली तर पैसे एका भागावर खर्च होतात आणि दुखणे दुसऱ्या भागात तसेच राहते.

त्यानंतर चिमटा रॉकेलने धुवून सांधे पाहावेत. शॉकअपच्या खालच्या कानाजवळ, आडव्या नळीच्या जोडाजवळ आणि चेनखालच्या बाजूला विशेष पाहावे. चेनचे तेल व चिखल मिळून तेथे थर साचतो, त्यात ओल टिकते आणि नळी आतून गंजते. वरचा रंग शाबूत दिसला तरी हातोडीच्या दांड्याने हलकेच वाजवून पाहावे. आवाज बद्द आला किंवा पापुद्रा निघाला तर संशय घ्यावा. वळणावर गाडीचा मागचा भाग डुलणे आणि चेनचक्राचे दात एकाच बाजूने झिजणे, ही आणखी दोन लक्षणे होत.

वेल्डिंग की नवा चिमटा?

माझे काका गावाहून शहरात दूध घालतात. कॅरिअरच्या दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे दोन कॅन असतात. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरते. म्हणजे नुसते दूधच ४१ किलो, कॅनचे वजन निराळे. हे सारे ओझे शॉकअपमधून चिमट्याच्या दोन कानांवर उतरते. शिवाय रस्ता खराब असला की कॅन हिंदकळतात आणि चिमट्याला पीळ बसतो. त्यांच्या गाडीच्या डाव्या कानाजवळ केसासारखी बारीक चीर आढळली.

काका म्हणाले, “वेल्डिंग मारून घेऊया की रे. अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळचं दूध चुकायला नको.”

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. दोन वेळचे मिळून दिवसाला ८० लिटर. गाडी दोन दिवस गॅरेजात राहिली तर १६० लिटर दुधाचा प्रश्न. तरीही मी म्हणालो, “काका, नळी आतून गंजली आहे. वेल्डिंग धरणार कशाला? आणि उष्णतेने चिमटा वाकला तर चाक तिरपं बसेल. तुम्ही रोज पहाटे अंधारात जाता.” चांगल्या जाड लोखंडावर, साच्यात धरून केलेले वेल्डिंग टिकते, गंजलेल्या पातळ पत्र्यावर केलेली जोड तिच्या शेजारून पुन्हा फुटते. अखेर नवा चिमटा आणावा आणि सकाळच्या व संध्याकाळच्या दुधाच्या मधल्या वेळात तो बसवावा, असे ठरले.

हिशेबशास्त्रात आपण शिकतो की मालमत्तेची क्षमता न वाढवता ती पूर्ववत राखणारा खर्च महसुली समजावा. चिमटा बदलल्याने गाडी अधिक जोरात पळणार नाही, हे खरे. म्हणूनच असा खर्च घरात नकोसा वाटतो. परंतु वहीतला घसारा हा एक अंदाज असतो, नळीतला गंज वस्तुस्थिती असते.

तयारी

रिंग पाने, गोटी पाने, पक्कड, हातोडी, लाकडी ठोकळा, पितळी किंवा लाकडी दांडा, रॉकेल, ग्रीस, नवी स्प्लिट पिन आणि एक जुने वर्तमानपत्र एवढे जवळ असावे. चिमट्याच्या बोल्टच्या दोन्ही टोकांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडावे. नव्या चिमट्यात बुश बसवलेले नसतील तर ते आधीच बसवून आणावेत. बेळगावात याची अडचण नाही. उद्यमबागेत लेथ आणि प्रेस पुष्कळ आहेत. बुश दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. आतल्या नळीवर हातोडी मारली तर रबर सुटते आणि नवा बुश बसण्यापूर्वीच निकामी होतो.

उतरवण्याचा क्रम

१. गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर घ्यावी. पुढच्या चाकाला दोन्हीकडून विटा लावाव्यात. मागच्या चाकाच्या दांड्याचा नट आणि चिमट्याच्या बोल्टचा नट, हे दोन घट्ट नट सर्व भाग जागेवर असतानाच थोडे ढिले करावेत. गाडी निम्मी उघडल्यावर जोर लावला तर ती स्टँडवरून हलते.

२. ब्रेक रॉड आणि ब्रेक प्लेटला धरणारी पट्टी सोडवावी. चेन कव्हर काढावे. चेनचे लॉक काढण्यापूर्वी त्याच्या क्लिपची दिशा पाहून ठेवावी. क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असते.

३. चाकाचा दांडा ओढून चाक काढावे. चाकाच्या दोन बाजूंच्या लहान नळ्या, वॉशर व चेन ताणण्याचे स्क्रू निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडावेत आणि पेन्सिलीने ‘डावा’, ‘उजवा’ असे लिहावे.

४. शॉकअपचे खालचे बोल्ट काढावेत. काही गाड्यांत सायलेन्सर आड येतो. तो गार झाल्यावरच सोडवावा.

५. चिमट्याच्या बोल्टचा नट टोकाच्या पातळीपर्यंत आणावा आणि दांडा ठेवून हलके ठोकावे. नट टोकावर असल्यामुळे आटे बिघडत नाहीत. बोल्ट हलला की नट पूर्ण काढून तो दुसऱ्या बाजूने ओढावा. चिमटा सुटून पडू नये म्हणून दुसऱ्याने तो धरून ठेवावा.

जुना आणि नवा यांची तुलना

नवा चिमटा जुन्याशेजारी ठेवावा. आडव्या नळीची रुंदी, शॉकअपच्या कानांची जागा व मागच्या खाचांची लांबी मोजावी. मग पुढे चिमट्याचा बोल्ट आणि मागे चाकाचा दांडा घालून मागून एका डोळ्याने पाहावे. दोन्ही एकमेकांस समांतर दिसले पाहिजेत. एक वर चढलेला व दुसरा उतरलेला दिसला, तर चिमट्यात पीळ आहे. तो दुकानात परत करावा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि गाडी जोडून झाल्यावर ती करता येत नाही.

बसवताना

गंज धरू नये म्हणून बोल्टच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात द्यावा. रबराला मात्र ग्रीस लागू देऊ नये. जोडणी उलट क्रमाने करावी. चेन ज्यावर घासते ती रबरी पट्टी नव्या चिमट्यावर चढवण्यास विसरू नये. सर्व नट प्रथम हातानेच लावावेत.

येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. रबरी बुशची आतली नळी सांगाड्यात आवळली जाते व चिमटा हलतो तो रबराच्या पिळावर. चिमटा लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली घेताच रबराला पीळ बसतो व तो कायम राहतो. म्हणून गाडी दोन्ही चाकांवर घेऊन, एकाने सीटवर बसावे आणि मगच दुसऱ्याने शेवटचा आवळ द्यावा.

किती आवळावे, हे पुस्तिकेत दिलेले असते. त्यासाठी लागणारा खास पाना घरी नसला तरी हुकाचा स्प्रिंगकाटा असतो. समजा पुस्तिकेत ६ किलोग्रॅम-मीटर दिले आहे. पान्यावर नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर काटा अडकवून काटकोनात ओढावा. ०.३ मीटर गुणिले २० किलो म्हणजे ६. काटा वीसवर आला की थांबावे.

चेनला पुस्तिकेत दिलेला ढिलेपणा ठेवावा. पुढचे चेनचक्र, चिमट्याचा बोल्ट व मागचा दांडा यांचे मध्य एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. ओझ्याखाली चिमटा वर येताना नेमके हेच घडते. म्हणून दुधाच्या गाडीची चेन स्टँडवर कडक ताणून ठेवणे घातक आहे.

शेवटी दोरी

चिमट्याच्या दोन बाजूंच्या खुणा सारख्या आल्या म्हणजे चाक सरळ बसले, असे पुष्कळजण मानतात. आपल्या विषयात तेरीज पत्रक जुळले तरी काही चुका लपून राहतात, हे आपण परीक्षेत लिहितो. तसेच येथेही आहे. एकही नट उरला नाही, खुणा जुळल्या, तरी चाक तिरपे असू शकते. त्याचा स्वतंत्र पुरावा दोरी देते. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून दोन्ही बाजूंनी दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणावी आणि हँडल सरळ धरावे. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंस दोरीपासूनचे अंतर सारखे भरले पाहिजे. फरक असल्यास चेनचे स्क्रू थोडे थोडे फिरवून तो काढावा, मग मागचा नट आवळून नवी स्प्लिट पिन घालावी आणि ब्रेक जुळवावा.

काकांच्या गाडीला हे सारे करण्यास सकाळी नऊपासून दुपारी तीन वाजले, त्यातला पाऊण तास दोरीत गेला. प्रथम रिकाम्या गाडीवर गावातच फेरी मारली, ब्रेक पाहिला, नट पुन्हा तपासले. संध्याकाळचे दूध वेळेवर गेले. शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व नटांवर पुन्हा एकदा पाना फिरवला.

ज्यांना हत्यारांची सवय नाही त्यांनी हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. परंतु चाक डावी-उजवीकडे हलवून पाहण्यास हत्यार लागत नाही आणि दोरी धरण्यास गॅरेज लागत नाही. घरातली गाडी या आठवड्यात एकदा मधल्या स्टँडवर घ्यावी आणि एवढी तपासणी प्रत्येकाने स्वतः करावी, ही विनंती.