सरहद्दीवरचा बर्फाचा डोंगर – कांचनजुंगा



भूगोलाच्या तासाला गुरुजींनी भिंतीवर नकाशा लावला होता. नेपाळ आणि आपलं सिक्कीम यांच्या मधल्या रेघेवरच एक शिखर दाखवलेलं होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, हा डोंगर तर बांधावर आहे. मग तो कुणाचा?" सगळा वर्ग हसला. पण गुरुजी म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. शोधा आणि भित्तिपत्रकात लिहा." म्हणून हा लेख.

डोंगर कुणाचा?
आपल्या घराचं आढं डोळ्यांपुढे आणा. आढ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस अंगणात येतो, पलीकडे पडलेला परसात जातो. कांचनजुंगाचं तसंच आहे. पूर्वेकडच्या बर्फाचं पाणी सिक्कीमच्या तिस्ता नदीला मिळतं. पश्चिमेकडचं पाणी नेपाळच्या तमोर नदीला मिळून पुढे कोसीत जातं. सरहद्द आढ्यावरून जाते, म्हणून शिखर दोघांचं. बांधावरून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं!

कांचनजुंगाची उंची ८५८६ मीटर. जगात तिसरा नंबर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. अशी पाच कळसूबाई एकावर एक ठेवली तरी कांचनजुंगा वर उरेल.

हिमनदी म्हणजे काय?
तिथे दरवर्षी बर्फ पडतं आणि खालचं दाबून दगडासारखं घट्ट होतं. मग ते आपल्याच वजनानं उतारावरून मुंगीच्या पावलांनी सरकू लागतं. हीच हिमनदी. सरकताना तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशाच, पण माणूस गडप होईल एवढ्या! वर ताजं बर्फ पडलं की भेग झाकली जाते, दिसतच नाही. म्हणून गिर्यारोहक एकमेकांना दोरानं बांधून चालतात. विहिरीत उतरणाऱ्याचा दोर वरची माणसं धरतात ना, त्यातलाच प्रकार. एक घसरला तर बाकीचे त्याला तोलून धरतात. बुटांखाली लोखंडी काटे आणि हातात बर्फाची कुऱ्हाड असते.

दम का लागतो?
घरात गोधड्यांची चळत असते. सगळ्यात खालची गोधडी दबून जाते, वरची फुगलेली राहते. हवेचं तसंच आहे. आपण पाच-साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो, इथली हवा दाट. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ एक तृतीयांश असतो. एका श्वासात प्राणवायू थोडाच मिळतो. पाणीसुद्धा सुमारे ७२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ काही शिजत नाही.

यावर उपाय एकच, घाई न करणे. वर जायचं, सामान ठेवायचं आणि झोपायला खाली यायचं. असं पुन्हा पुन्हा केलं की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि शरीराला सवय होते. एका शिखरासाठी दीड-दोन महिने लागतात ते यामुळे. तरीही ८००० मीटरच्या वर शरीर झिजतच जातं. तिथे जास्त वेळ थांबणं म्हणजे मरणाला बोलावणं.

पुण्याची माणसं शिखरावर
१५ मे २०१९ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या, पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे १० गिर्यारोहक नेपाळच्या बाजूने चढून कांचनजुंगावर पोचले. त्यांचे नेते होते उमेश झिरपे. वाचून छाती फुगली. पण त्याच दिवसांत याच डोंगरावर पश्चिम बंगालचे दोन गिर्यारोहक मरण पावले. तेही तयारीचे होते. त्यांच्या घरीही कुणी वाट पाहत होतं.

म्हणून जाणकार सांगतात, शिखर म्हणजे अर्धी वाट. उतरायची ताकद अंगात शिल्लक ठेवूनच चढायचं. ठरलेली वेळ टळली, तर शिखर समोर दिसत असलं तरी मागे फिरायचं. मागे फिरणारा भित्रा नसतो. तो पुन्हा येऊ शकतो.

चार पावलं अलीकडे
या शिखरावर पहिली चढाई २५ मे १९५५ रोजी जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड या दोन इंग्रजांनी केली. सिक्कीमचे लोक हा डोंगर पवित्र मानतात. माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द त्यांच्या नेत्याने सिक्कीमच्या राजाला दिला होता. दोघे माथ्याच्या काही पावलं अलीकडे थांबले आणि परत फिरले. वर पाहायला कुणीही नव्हतं, तरी शब्द पाळला. जगाने त्यांची चढाई पुरी मानली.

आम्हाला वाटतं, डोंगर कुणाचा याचं खरं उत्तर इथेच आहे. जो त्याचा मान राखतो, त्याचा.

स्वाध्याय
१. हिमनदीवर दोर बांधून का चालतात?
२. उंचावर डाळ का शिजत नाही?
३. तुम्ही कधी मधूनच मागे फिरलात का? ते बरोबर होतं का? घरी आई-वडिलांशी बोला आणि पाच ओळी लिहा.