संगणकाचा खर्च आणि उसाचा उतारा



वार्षिक सभेत खर्चपत्रक वाचताना संगणक, त्याची देखभाल, वर्षाचे शुल्क असे आकडे आले की कोणी तरी हमखास उठून विचारते, "एवढा पैसा घातला, मग टनामागे भाव किती वाढला?" प्रश्न रास्त आहे. मिलचा रोलर बदलला तर रस किती जास्त निघाला ते मोजता येते. संगणकातून रस निघत नाही. मग त्याचे मोल कशावर करायचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

हे कोडे मोठमोठ्या कंपन्यांनाही पडले होते. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी तक्रार मांडली की संगणक सगळीकडे आले, पण उत्पादकतेच्या आकड्यांत त्यांचा मागमूस नाही. पुढे १९९० मध्ये पॉल डेव्हिड यांनी याला विजेच्या मोटारीचा दाखला दिला. पूर्वी कारखान्यात एक मोठे वाफेचे इंजिन असे आणि पट्ट्यांवर सारी यंत्रे फिरत. वीज आली तेव्हा मालकांनी इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटार बसवली. पट्टे तेच, मांडणी तीच. फायदा फारसा दिसेना. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार लागली आणि कामाची मांडणीच बदलली, तेव्हा कुठे उत्पादन वाढले. त्याला पुरी तीन-चार दशके गेली.

आता आपल्याच धंद्यातले उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी पसारा आहे. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून तिथं सुमारे ७० गावांसाठी ५४ संगणक केंद्रे काढली. बाजारभाव, शेतीचा सल्ला, इंटरनेट, सारे गावात मिळावे असा बेत मोठा होता. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रावर आपल्या उसाच्याच कामाला येत: खताची उचल, तोडणीचा परवाना, उसाचे वजन. बाकीचा बेत बराचसा कागदावर राहिला. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी ७ गावांत आठ महिने एक साधा प्रयोग केला. केंद्राचा संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आणले. सारी कामे झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. सर्व गावांत हे केल्यास वर्षाला १० लाख रुपये वाचतील असा त्यांचा अंदाज होता. यंत्र लहान झाले तरी काम अडले नाही. शेतकऱ्याला हवी होती ती आपल्या उसाची खबर, आणि ती वावरात उभ्या उभ्या मिळू लागली.

आता आपला हिशोब. २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. त्यापुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा घसरला तर ९.५ टक्क्यांपर्यंत त्याच मापाने दर कमी होतो. दोन लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात या एका दशांश टक्क्याचे ६९ लाख २० हजार रुपये होतात. आणि उतारा धरतात तो साऱ्या कारखान्याचा. एकाचा ऊस शिळा झाला की चट्टा सगळ्यांना बसतो.

ऊस तोडला की त्यातली साखर फुटायला लागते आणि वजनही घटते. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तर विचारूच नका. त्यातून आपला ऊस कपाशी, धान आणि संत्र्याच्या मधात विखुरलेला. टोळी एका गावी, गाडी दुसऱ्या गावी, आणि काट्यापुढे रांग. को ८६०३२ अजून पक्व व्हायचा असताना तोडला जातो आणि लवकर पिकणारा कोसी ६७१ उभाच राहतो, तेव्हा दोष उसाचा नसतो. लागणीची तारीख आणि जात पाहून पाळी लावणे, काट्यावर जागा असेल तेवढीच तोड देणे, हे काम संगणक चांगले करतो. पण नोंदवही संगणकात भरायची आणि पाळी मात्र कोणाच्या तरी फोनवर ठरवायची, तर ती जुन्या पट्ट्यांना लावलेली नवी मोटारच झाली.

म्हणून माझ्या मते पाळीची यादी प्रत्येक सभासदाला दिसली पाहिजे. आपल्या पुढे कोण, मागे कोण, त्यांची लागण कधीची. यादी उघडी असली की वशिला लपत नाही. ही गोष्ट काही जणांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. वजनाचा आकडा गाडी काट्यावरून उतरताच मोबाइलवर यावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे देणे असतात, नाही तर १५ टक्के व्याज. ते दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हेही मग सभासदाच्या हाती राहील.

उपग्रहाचेही हल्ली बरेच बोलले जाते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आपल्या नागपुरातच आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उसावर चालवला आहे. चांगलेच आहे. पण उपग्रहाला वावरातला ऊस दिसतो, तो कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेचा हे दिसत नाही. ते तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल.

आणि इथेच पुष्कळदा घोळ होतो. लागण डिसेंबरची असताना पाळी लवकर यावी म्हणून नोंद ऑक्टोबरची दिली जाते. अशी शंभर नावे झाली की यंत्र कितीही महाग असो, कच्चा ऊस आधी गव्हाणीत पडतो.

यास्तव शेतकी विभागाचा माणूस नोंदीला येईल तेव्हा धुऱ्यावर त्याच्यासोबत स्वतः जावे. गट क्रमांक, उसाची जात, लागणीची खरी तारीख आणि घरात रोज वापरात असलेला मोबाइल क्रमांक लिहून द्यावा. नोंदीची पावती त्याच दिवशी मागून घ्यावी आणि चूक आढळल्यास पंधरा दिवसांत गट कार्यालयात दुरुस्त करून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी